तिवराच्या मुळाशी कोण राहतं?

ओहोटीला खाडीत उतरलं की तिवराभोवती पेन्सिली रोवल्यासारखी मुळं दिसतात. कोकणातल्या आपल्या खाडीकाठच्या घरांना हे नवं नाही. पाय घोटाभर रुततो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. वरचा पातळ थर सोडला तर या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड श्वासासाठी मुळं वर काढतं. मुळांतून थोडा प्राणवायू आजूबाजूला झिरपतो. त्याच्या आधारानं बुरशी जगते आणि गळलेली पानं, मेलेली मुळं कुजवते. खेकड्या-कोलंबीचं अन्न पुष्कळसं या कुजण्यातूनच तयार होतं.

पण ही बुरशी कोणती, हे ओळखायचं कसं? ग्रॅमभर चिखल निर्जंतुक खाऱ्या पाण्यात ढवळतात, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करतात आणि थेंबभर पाणी बटाट्याचा अर्क व साखर घातलेल्या अगारवर पसरतात. जिवाणूंनी थाळी बळकावू नये म्हणून अँटिबायोटिकही घालतात. आठवडाभरात काळे, हिरवे, दालचिनी रंगाचे ठिपके उगवतात. शिळ्या भाकरीवर पाहिलेलेच म्हणा ना! सूक्ष्मदर्शकाखाली पेनिसिलियम छोट्या ब्रशसारखी दिसते, अ‍ॅस्परजिलसला गोल डोकं असतं.

काही बुरशी मात्र बीजाणू धरतच नाहीत, नुसते पांढरे धागे. तिथे डीएनए वाचावा लागतो. त्यातला आयटीएस हा तुकडा 2012 मध्ये बुरशीची सर्वसामान्य ओळखखूण म्हणून सुचवला गेला. अ‍ॅस्परजिलसच्या सख्ख्या भावंडांत मात्र तोही फसतो. मग आणखी एखादा जनुक तपासावा लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. शेतातले बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर खाडीत येतात, चिखलात निजून राहतात आणि थाळीत साखर मिळताच जागे होतात. म्हणजे थाळीवर उगवलेली नावं घरच्यांची की पाहुण्यांची? आम्हाला वाटतं, अशा पुष्कळ याद्यांत पाहुणेच जास्त असावेत. उलट, हळू वाढणारे खरे रहिवासी थाळीवर दिसतही नाहीत. चिखलातला डीएनए थेट वाचला तर ते सापडतात, पण त्यात मेलेल्यांचाही हिशेब येतो.

एवढा खटाटोप कशाला? 1945 मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यात जुझेप्पे ब्रोत्सू यांना एक बुरशी सापडली. तिच्यातून सेफॅलोस्पोरिन गटाची औषधं निघाली. मुलांच्या तापात डॉक्टर कधी कधी लिहून देतात ते सेफिक्झिम याच कुळातलं.

मुलं घरी प्रयोग करणार असतील तर उगवलेलं भांडं बंदच ठेवा. दम्याच्या माणसाला हे बीजाणू बाधतात.