घरातील विजेचा खटका वारंवार का पडतो?

सोलापूर जिल्ह्यातील अनेक जुन्या घरांत वीज आली, तेव्हा चार दिवे व एखादा पंखा एवढाच भार होता. आज त्याच तारांवर फ्रीज, गिझर, इस्त्री आणि गोठ्यातील कडबाकुट्टीही चालविली जाते. मग एमसीबी, म्हणजे विजेचा स्वयंचलित खटका, वारंवार पडतो. खटकाच बिघडला असे समजून पुष्कळ जण त्या जागी मोठ्या क्षमतेचा खटका बसवितात. ही चूक घातक आहे. चोराची चाहूल लागून भुंकणाऱ्या कुत्र्याला कोणी घराबाहेर काढीत नाही. पडणाऱ्या खटक्याचेही तसेच आहे.

खटक्याचे कार्य

एमसीबीमध्ये दोन योजना असतात. प्रवाह मर्यादेपेक्षा वाढला की दोन धातूंची जोडपट्टी तापून हळूहळू वाकते व काही वेळाने खटका पाडते. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकाएकी अनेक पटींनी वाढला, तर विद्युतचुंबक तत्क्षणी खटका पाडतो. आरसीसीबी हे उपकरण निराळे असून त्यावर तपासणीचे लहान बटण असते. गेलेला व परतलेला प्रवाह ते ताडून पाहते. घरगुती वापराच्या आरसीसीबीत साधारणतः 30 मिलिअँपिअर गळती होताच वीज बंद होते. माणसाचा जीव वाचविण्यासाठीच ही मर्यादा ठरविलेली आहे.

कारण कसे ओळखावे

खटका काही मिनिटांनी पडत असेल, तर भार जास्त आहे असे समजावे. 16 अँपिअरचा खटका 230 व्होल्टवर सुमारे 3,680 वॅट भार पेलतो. गिझर 2,000, विजेची शेगडी 2,000, इस्त्री 1,000 व मिक्सर 500 वॅट एकाच वेळी चालविल्यास भार 5,500 वॅट, म्हणजे सुमारे 24 अँपिअर होतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत जोडपट्टी आधीच तापलेली असल्याने खटका थोड्या कमी भारावरही पडतो.

चालू करताक्षणी पडत असेल, तर शॉर्टसर्किटचा संशय घ्यावा. मात्र कडबाकुट्टीची मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. पात्यात कडबा अडकला असेल, तर तो जोर टिकून राहतो. म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र तार व योग्य खटका असावा.

पावसानंतर आरसीसीबी पडत असेल, तर माळवद गळून भिंतीतील तारांना ओल लागली असण्याचा संभव असतो.

तपासणीचा क्रम

1. हात कोरडे असावेत व पायांत चपला असाव्यात. बोर्ड उघडू नये. जळका वास आल्यास मुख्य स्विच बंद करून तेथेच थांबावे.

2. सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

3. दांडी पूर्ण खाली करून मग वर करावी. प्लग काढूनही खटका पडला, तर दोष तारांत किंवा बोर्डात आहे. पुन्हा पुन्हा दांडी चढवू नये. परवानाधारक वायरमन बोलवावा.

4. खटका टिकला, तर एकेक उपकरण लावून पाहावे. ज्यामुळे तो पडेल ते बाजूला ठेवून दुरुस्त करून घ्यावे. एकेकटे लावता कोणतेही पाडत नसेल, तर भार वाटून वापरावा.

काय करू नये

दांडीला काठी लावून किंवा दोरीने बांधून उपयोग नाही. खटका आतून सुटतोच. साधारणतः 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला 10 आणि 2.5 च्या तारेला 16 अँपिअरचा खटका योग्य असतो. तीच तार ठेवून 32 अँपिअरचा खटका लावल्यास खटक्याआधी तार तापेल, आणि शेजारी कडब्याची गंज असेल तर वर्षाचा चारा ठिणगीने जाईल. अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून कधीही वापरू नये. उन्हाळ्यात मुरमाड जमीन सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरसीसीबीचे तपासणी बटण दाबून त्याचे कार्य सभेत दाखवावे. ते बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज बंद झाली नाही, तर आरसीसीबी त्वरित बदलून घ्यावा. मीटरपर्यंतच्या पुरवठ्यात दोष आढळल्यास 1912 या क्रमांकावर कळवावे. पडलेल्या खटक्याने एक संध्याकाळ अंधारात जाते. बळजबरीने चालू ठेवलेल्या खटक्याने घरातील माणूस जाऊ शकतो.