हैदराबाद कसे पाहावे?

थंडीचे दिवस लागले की शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कोणी मुंबई म्हणतो, कोणी दिल्ली म्हणतो. परंतु नांदेड-लातूरकडील मुलांच्या तोंडी बहुधा हैदराबादचेच नाव आधी येते. मुले जातात, चारमिनारापाशी उभी राहून छायाचित्रे काढतात, बिर्याणी खातात, आईसाठी बांगड्या घेतात आणि दोन दिवसांनी परत येतात. घरी 'काय पाहिले?' म्हणून विचारले असता ती पाच-सहा नावे घडाघडा म्हणून दाखवितात. नावे खरी असतात, पण त्यापुढे दुसरा प्रश्न केला की उत्तर येत नाही. ऐतिहासिक स्थळे पाहणे ही एक विद्या आहे आणि थोड्या अभ्यासाने ती कोणासही साधते. ती कशी साधावी, एवढेच या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

पवित्र शास्त्रात यहोशवाच्या पुस्तकात एक कथा आहे. इस्राएल लोक यार्देन नदी उतरून पलीकडे गेले तेव्हा नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणून ते गिलगाल येथे उभे करण्यात आले. हेतू असा की, पुढे मुलांनी त्यांविषयी विचारले म्हणजे वडिलांनी त्यांस घडलेली हकिगत सांगावी. स्मारकाचे खरे काम हेच होय. मुलाने विचारावे, वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि सांगताना काही लपवू नये.

हैदराबादविषयी विचारण्याचा तर आपणांस विशेष अधिकार आहे. ते आज तेलंगण राज्याच्या राजधानीचे शहर आहे खरे. परंतु आपल्या पणजोबांची राजधानीही तेच होते. 1948 सालापर्यंत नांदेड हा निजामाच्या राज्यातील एक जिल्हा होता आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील गाव होते. लातूरचा स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. आपल्या काळ्या जमिनीचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जाई, आणि खटला वरच्या कोर्टात न्यावयाचा झाला म्हणजे पक्षकारास तेथेच जावे लागे. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. म्हणून त्या शहरातील मोठ्या वास्तू आपण केवळ परक्याच्या घरची शोभा म्हणून पाहू नयेत. त्यांत आपल्या घराण्यांचा घाम आहे, आणि काहींत अश्रूही आहेत.

कोणत्याही वास्तूपुढे उभे राहिल्यावर मुलांनी तीन प्रश्न मनात धरावेत. पहिला, ही कोणी व कशासाठी बांधली? दुसरा, ती कोणाच्या पैशाने व कोणाच्या कष्टाने उभी राहिली? तिसरा, आज ती कोणाच्या उपयोगी पडते? हे प्रश्न घेऊन आता शहरात शिरू.

आरंभ गोवळकोंड्यापासून करावा, कारण हैदराबाद हे गोवळकोंड्याचे लेकरू आहे. कुतुबशाही सुलतानांची ही राजधानी. प्रवेशद्वाराजवळील घुमटाखाली टाळी वाजविली असता तिचा आवाज वर बालाहिसारापर्यंत पोहोचतो, हे मुलांना फार आवडते. परंतु टाळी वाजवून झाल्यावर ही युक्ती कशासाठी केली असेल, तेही विचारावे. दारावर कोण आले आहे ते वरच्या पहारेकऱ्यास तत्काळ कळावे, म्हणजे हा एक प्रकारचा इशाराच होता. 1687 साली औरंगजेबाने सुमारे आठ महिने वेढा घातला. एवढा बंदोबस्त असलेला किल्ला तोफांनी पडला नाही. आतल्याच एका सरदाराने फितुरीने दार उघडले. बांधणाराने शत्रूचा विचार केला होता, पण फितुरीपुढे तटबंदी चालत नाही. मराठी मुलांनी येथे आणखी एक गोष्ट आठवावी. 1677 साली दक्षिण दिग्विजयास जाताना शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजे हैदराबादेस आले होते आणि अबुल हसन कुतुबशहाने त्यांचा सन्मान केला होता. मराठे आणि मुसलमान सत्ता यांची गाठ नेहमी रणांगणावरच पडे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही भेट ध्यानात ठेवावी.

तेथून चारमिनाराकडे यावे. महंमद कुली कुतुबशहाने तो 1591 साली, हिजरी सन 1000 च्या सुमारास, बांधला. गोवळकोंड्याची वस्ती दाटल्यामुळे नवे शहर वसविण्यात आले आणि चार दिशांना चार रस्ते काढून मध्यभागी ही वास्तू उभी केली. म्हणजे चारमिनार हा नव्या नगररचनेचा मध्यबिंदू होय. शहर साथीतून वाचले म्हणून तो बांधला असे कोणी सांगतात; भागमती नावाच्या स्त्रीची प्रेमकथाही सांगतात. अशा कथा ऐकाव्यात, पण वहीत उतरून घेताना 'असे सांगतात' एवढे शब्द त्यांच्या आधी अवश्य लिहावेत. दंतकथा आणि दाखला यांतील भेद कळणे हा इतिहासाचा पहिला पाठ आहे. चार बाजूंची चार घड्याळे मूळची नव्हेत, ती 1889 साली बसविली आहेत. शेजारच्या मक्का मशिदीचे काम 1617 च्या सुमारास सुरू झाले आणि औरंगजेबाच्या अमलात 1694 साली पुरे झाले. आरंभ करणारे राजघराणे बुडाले आणि त्याला बुडविणाराच्या हातून काम पुरे झाले! इमारती राजवटींपेक्षा दीर्घायुषी असतात, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता मुसा नदीच्या काठी यावे. सहलीच्या गाड्या येथे सहसा थांबत नाहीत. आमच्या मते येथेच सर्वांत अधिक वेळ द्यावा. 28 सप्टेंबर 1908 रोजी या नदीस महापूर आला. बळींची संख्या सुमारे 15,000 असावी असा अंदाज सांगतात. त्या दिवशी नदीकाठच्या एका जुन्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेली सुमारे 150 माणसे वाचली असे म्हणतात. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील हे झाड म्हणजे एक जिवंत स्मारकच होय. त्याला कोणी शिल्पकार लागला नाही. या अनर्थानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला, आणि पुराचे पाणी वरच अडवावे व शहरास पिण्याचे पाणीही मिळावे म्हणून 1920 साली उस्मानसागर व 1927 साली हिमायतसागर असे दोन जलाशय बांधून झाले. नदीच्या दोन्ही काठांवर हायकोर्ट व रुग्णालय यांच्या भव्य इमारती उठल्या. हायकोर्टाची इमारत 1920 ची. रुग्णालयाचा आराखडा व्हिन्सेंट एश् या इंग्रज शिल्पज्ञाने केला. त्याच्या जुन्या इमारतीत 2020 साली पावसाचे पाणी शिरले आणि ती रिकामी करावी लागली. पुरानंतर बांधलेल्या इमारतीवर पुन्हा पाण्यानेच संकट आणावे, यातून मुलांनी एवढे शिकावे की वास्तू एकदा बांधून पुरत नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते.

दुसऱ्या दिवशी उस्मानिया विद्यापीठ पाहावे. हे विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले. कला महाविद्यालयाची दगडी इमारत 1939 साली खुली झाली. तिच्या कमानीपुढे उभे राहिले की मान आपोआप वर होते. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, देण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खाते होते. ही थोरवी मोकळ्या मनाने मान्य करावी. परंतु त्याच वेळी हेही सांगावे की, मराठी, तेलुगू व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची भाषा उर्दू नव्हती, आणि आपल्या मुलखातील मुलास वरचे शिक्षण परक्या भाषेतून घ्यावे लागे. 1938 साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले; त्यांतील पुष्कळांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पुरे केले. एकाच इमारतीच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्यांतील एकच सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर दुसरी शिक्षकांनी सांगावी.

येथून बेगमपेठेस जाऊन स्वामी रामानंद तीर्थ यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. नांदेडच्या विद्यापीठास ज्यांचे नाव आहे ते हेच. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले आणि त्यांनी तुरुंगवास सोसला. 1972 साली हैदराबादेतच त्यांचे देहावसान झाले. रझाकारांचा जुलूम, माणसांचे देशोधडीस लागणे आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करणे, ही सारी हकिगत या समाधीपाशी सांगावी. आणि ती येथे थांबवू नये. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच नांदेड व उस्मानाबाद या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर मोठा अनर्थ ओढवला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल दिला आहे. हे सांगताना जीभ जड होते. पण आपल्यावर झालेला अन्याय तेवढा सांगावयाचा आणि आपल्या बाजूने झालेला गिळून टाकावयाचा, अशाने मुले इतिहास शिकत नाहीत. ती केवळ वैर शिकतात. आपल्या वर्गांतून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व ख्रिस्ती मुले एका बाकावर बसतात. त्या सर्वांना ऐकता येईल अशीच हकिगत आपण सांगावी, आणि खरी हकिगत पूर्ण सांगितली म्हणजे ती सर्वांना ऐकता येते, असा आमचा विश्वास आहे.

वेळ उरल्यास सालारजंग संग्रहालय पाहावे. ते 1951 साली खुले झाले. तेथे बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेला रिबकेचा संगमरवरी पुतळा आहे. इसहाकाला दुरून पाहताच रिबकेने तोंडावर बुरखा घेतला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा आमच्या मुलांस ठाऊक आहेच. दगडाचाच बुरखा आणि त्यातून दिसणारा दगडाचाच चेहरा पाहून कारागिराच्या धीराची कल्पना येते.

एक दिवस अधिक मिळाल्यास शहराच्या उत्तरेस सुमारे 100 किलोमीटरवर मेदकचे मंदिर आहे, तेथे जावे. रेव्हरंड चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी दुष्काळाच्या दिवसांत लोकांस काम व अन्न मिळावे म्हणून त्याचे बांधकाम हाती घेतले, आणि 25 डिसेंबर 1924 रोजी त्याची प्रतिष्ठा झाली. ते सुमारे 200 फूट लांब व 100 फूट रुंद असून मनोरा 175 फूट उंच आहे. आपला दुसरा प्रश्न येथे विचारावा. ज्यांनी दगड वाहिले त्यांची चूल त्या दगडांवर पेटली, हे उत्तर ऐकून मनोऱ्याची उंची अधिक वाटू लागते.

आता थोडे वागणुकीविषयी. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एका स्थळाची माहिती वाचून काढावी आणि तेथे पोहोचल्यावर ती इतरांस सांगावी. दोन दिवसांत बारा ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा पाच ठिकाणे थांबून पाहावीत. मशिदीत, मंदिरात वा समाधीपाशी तेथील रीत पाळावी. भिंतीवर नाव कोरू नये. चारशे वर्षे टिकलेल्या गिलाव्यावर आपले नाव खरडणे हा चोरीहून हलका अपराध नव्हे. छायाचित्रे काढावीत, परंतु वास्तूकडे पाठ करून काढलेल्या छायाचित्रांबरोबर तिच्याकडे तोंड करून काढलेले एखादे चित्रही असावे.

पालकांसही आमची एक विनंती आहे. सहलीची वर्गणी दिली म्हणजे आपले काम संपले असे मानू नये. घरात कोणी आजी-आजोबा असतील, तर मुलांस जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसवावे. निजामाच्या राज्याविषयी त्यांच्या वाडवडिलांनी जे सांगितले असेल, ते मुलांनी लिहून घ्यावे. ती पिढी झपाट्याने ओसरत आहे, आणि तिच्याबरोबर जाणारी हकिगत कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाही.

परत आल्यावर हेच तीन प्रश्न आपल्या गावी विचारावेत. लातूरच्या गंजगोलाईच्या भोवती सोळा रस्ते मिळतात. ती फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे वसली असून मधली इमारत 1917 ची आहे. नांदेडचे सचखंड हुजूर साहिब 1832 ते 1837 या काळात पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी बांधविले, कारण गुरू गोविंदसिंगजींचा देहान्त 1708 साली येथे झाला. कंधारचा व उदगीरचा किल्ला तर मोटारीच्या थोड्या वाटेवर आहेत. रोज ज्यांच्यासमोरून आपण शाळेत जातो, त्यांना कोणी बांधले हे ज्या मुलास ठाऊक नाही, त्याने कितीही राजधान्या पाहिल्या तरी उपयोग थोडाच. सहलीस जाण्याची ज्यांची ऐपत नाही त्या मुलांनीही म्हणून खंत करू नये. वही, पेन्सिल आणि तीन प्रश्न एवढे सामान त्यांच्यापाशीही आहे. त्यांनी येत्या रविवारी गंजगोलाईपासून वा गोदावरीच्या घाटापासून आरंभ करावा आणि जे कळेल ते आम्हांस आणून दाखवावे.