मोटारसायकलचे खोगीर

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण फार हलक्या अर्थाने वापरतो. अंकात मजकूर कमी पडला, की संपादक खोगीरभरती करतो; सभेत वक्ते कमी पडले, की संयोजक करतात. परंतु ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार रूढ झाला, त्या खोगिरात काय भरले आहे व कसे भरले आहे, यावर एके काळी घोडा आणि स्वार या दोघांचेही सुख अवलंबून असे. आज घोड्याच्या जागी मोटारसायकल आली आहे. भरतीचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही, हे लांबच्या पल्ल्यास निघालेला कोणीही स्वार शंभराव्या किलोमीटरला सांगू शकेल.

हा प्रश्न केवळ हौशी भटक्यांचा आहे, असे कोणी समजू नये. गणेशोत्सवासाठी मुंबईहून रत्नागिरीपर्यंतचे सुमारे ३३० किलोमीटर दुचाकीवरून कापणारे जोडपे, पहाटेपासून दुधाच्या किटल्या लादून हिंडणारा गवळी, औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी, शहरात दिवसाचे दहा-दहा तास घरपोच माल देत फिरणारा तरुण, या सर्वांची बैठक तीच असते. ज्याचे अंग ठणकते आहे, तो स्वार दर मिनिटास कूस बदलतो. त्याचे निम्मे लक्ष रस्त्यावर आणि निम्मे स्वतःच्या कमरेवर असते. समोरचा ट्रक अकस्मात थांबला, म्हणजे या विभागलेल्या लक्षाची किंमत कळते.

मुळात दुखते ते का? आपण ताठ बसतो तेव्हा शरीराचे बहुतांश वजन श्रोणीच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर येते. कठीण पाटावर बसून थोडे डोलून पाहिल्यास ही दोन हाडे कोणासही जाणवतील. त्यांच्याखालचे मांस व कातडी हाड आणि बैठक यांच्यामध्ये चेपली जाते, आणि त्या ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील प्रवाह मंदावतो. युजीन लँडिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली बोटाच्या नखामागील केशवाहिन्यांतील दाब मोजला, तेव्हा तो धमनीकडील टोकाशी सुमारे ३२ मिलिमीटर पारा एवढा भरला. कठीण बैठकीवर त्या दोन हाडांखाली पडणारा दाब याच्या कितीतरी पट असतो. खुर्चीवर बसलेला मनुष्य नकळत हलत राहतो, म्हणून त्याचे भागते. मोटारसायकलस्वाराचे हात हँडलला, पाय पायदानांना आणि गुडघे टाकीला बांधल्यासारखे असतात. त्याला हलण्यास वावच थोडा.

यावर सर्वांस प्रथम सुचणारा उपाय म्हणजे बैठक अधिक मऊ करणे. बाजारातील बहुतेक चुका येथूनच सुरू होतात. फार मऊ गादी पहिली दहा मिनिटे स्वर्गसुख देते. नंतर ती वजनाखाली पूर्ण दबून जाते आणि हाडे खालच्या पत्र्याला अथवा प्लॅस्टिकच्या तळाला टेकतात; शिवाय दोन्ही बाजूंचा फोम वर उचलला जाऊन मांड्यांच्या आतील नाजूक भागावर रेटतो, तो त्रास निराळाच. दुसरी गोष्ट कंपनाची. पाठीच्या कण्याच्या दिशेने येणाऱ्या कंपनांपैकी सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी कंपने मानवी शरीरास सर्वाधिक बाधतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याचा थरथराट सेकंदाला ५० वेळांचा असतो. तो फोममध्ये बराचसा जिरतो. पण जाड, मऊ फोमवर बसलेला मनुष्य नेमका सेकंदाला सुमारे ४ वेळांच्या हेलकाव्यास साथ देऊ लागतो, आणि रस्त्याचे हे सावकाश हिसके कमी होण्याऐवजी वाढूनच वर येतात.

जुन्या यंत्रकारांना या अडचणीची जाणीव होती. ज्या काळी मोटारसायकलचे मागील चाक सांगाड्यास घट्ट जोडलेले असे, त्या काळी स्वाराच्या चामडी खोगिराखाली दोन ठसठशीत स्प्रिंगा दिलेल्या असत. रस्त्याचा सारा मार त्या सोसत. १९४९ साली विक्रीस आलेल्या इंग्लंडच्या रॉयल एन्फील्ड बुलेटमध्ये मागील चाकासच झुलता दांडा व धक्के शोषणारे नळकांडे देण्यात आले. हीच बुलेट १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागली, आणि आपल्याकडे ‘फटफटी’ म्हटले, की हिचाच आवाज कानात घुमू लागला. स्प्रिंगा चाकाकडे गेल्यावर खोगीर सपाट झाले, लांब झाले, त्यावर दोघांची सोय झाली. बैठकीचे निम्मे काम चाकाकडे गेले आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळ मालक विसरतात आणि सगळा दोष गादीस देतात.

म्हणून गादीवाल्याकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. एक, चाकातील हवा. टायर गरजेपेक्षा टणक भरलेला असेल, तर खडीचा प्रत्येक दगड अंगात उतरतो. मात्र मऊपणाच्या लोभाने निर्मात्याने सांगितलेल्या आकड्याखाली जाणेही धोक्याचे. तसा टायर तापतो व वळणावर डळमळतो. दुसरी गोष्ट, मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ताण. बहुतेक गाड्यांत तो कमी-अधिक करण्यासाठी खाचांची कडी असते. एकट्याने चालवताना एक खाच आणि मागे माणूस व सामान असताना दुसरी, एवढे पथ्य पाळले तरी कित्येकांची तक्रार निम्मी होते. ही कडी फिरवण्याची किल्ली गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत वर्षानुवर्षे पडून असते.

आता भरतीकडे वळू. सीट शिवणारे कारागीर फोमचा भाव ‘डेन्सिटी’वर सांगतात. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन होय. तो टिकाऊपणाचा अंदाज देतो, कठीणपणाचा नव्हे. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो आणि टणकही. म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता तुकडा टेबलावर ठेवून मूठ दाबून पाहावी. मूठ तळाला टेकली, तर तो फोम उशीसाठी ठीक, खोगिरासाठी नव्हे. चांगला कारागीर खाली टणक थर देतो आणि वर बोटभर जाडीचा मऊ थर. खालचा थर वजन तोलतो, वरचा अंगाशी जुळवून घेतो. या कामासाठी तुकड्यांचा लगदा दाबून केलेला ‘रीबॉन्डेड’ फोम खाली वापरण्याची पद्धत आहे व ती वाईट नाही.

‘मेमरी फोम’ नावाचा जो प्रकार सर्वत्र ऐकू येतो, तो १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठी विमानाच्या आसनांकरिता सिद्ध केला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो व आकार घेतो. याचाच दुसरा अर्थ असा, की थंडीत तो लाकडासारखा होतो. पहाटे हिमाचलात निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. जेलची गादी प्रथम थंड लागते, कारण ती अंगाची उष्णता शोषते. पण राजस्थानच्या एप्रिलमधील उन्हात तासभर गाडी उभी राहिली, तर तीच गादी साठवलेली उष्णता इमानाने परत करते. दोन्ही पदार्थ पातळ थरापुरते उपयोगी, सबंध गादीसाठी नव्हेत.

भरतीइतकाच आकार महत्त्वाचा, किंबहुना प्रस्तुत लेखकाच्या मते अधिकच. जेथे ती दोन हाडे टेकतात, तेथे बैठक रुंद आणि जवळपास सपाट हवी; पुढे टाकीपाशी अरुंद हवी, म्हणजे थांबताना पाय जमिनीस पोहोचतात. स्त्रियांच्या या हाडांमधील अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक असते, म्हणून पतीस मानवलेली बैठक पत्नीस मानवेलच असे नाही. बैठकीचा उतार पुढे असला, तर ब्रेक लावताच स्वार टाकीवर घसरतो आणि दिवसभर स्वतःस मागे ढकलत राहतो. हे ढकलणे मनगटांतून होते. ज्यांना हातांना मुंग्या येतात, त्यांनी प्रथम बैठकीचा उतार तपासावा. मधोमध जाडजूड शिवण घालून केलेली नक्षी दुकानात शोभते, प्रवासात टोचते.

फारसीत ‘खोगीर’ या शब्दाचा मूळ अर्थ घाम टिपणारे आच्छादन असा आहे. रेक्झिनच्या आपल्या खोगिरास हा अर्थ मुळीच लागू पडत नाही. घाम कातडीला ओली करतो, ओली कातडी लवकर सोलवटते. लांबच्या प्रवासास जाळीदार कापडाचे आवरण किंवा लोकरीसकट कमावलेले मेंढीचे कातडे बैठकीवर बांधणारे स्वार याच कारणाने तसे करतात. अंथरुणास खिळलेल्या रुग्णांना व्रण होऊ नयेत म्हणून मेंढीचे कातडे रुग्णालयांतही वापरले जाते. जाड शिवणीची जीन्स मात्र या कामी शत्रू समजावी. आत सायकलस्वारांची बिनशिवणीची चड्डी घालणे हा गादी बदलण्याहून स्वस्त उपाय आहे.

मागे बसणाऱ्याचा विचार आपल्याकडे शेवटी होतो, वास्तविक तो प्रथम व्हावयास हवा. मागील बैठक चाकाच्या जवळजवळ माथ्यावर असते, त्यामुळे खड्डा तेथे अधिक उसळतो. हातात हँडल नसल्याने पुढे काय येते आहे, याचा अंदाजही उशिरा येतो. त्यात एका बाजूस पाय सोडून बसलेल्या स्त्रीची कंबर सारा वेळ पिळलेली असते आणि भार एकाच अंगावर पडतो. गावातल्या गावात हे चालून जाते. शेकडो किलोमीटरांच्या प्रवासात ते कमरेस आणि जिवास, दोहोंसही धोकादायक आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडे काष्टा घातलेल्या नऊवारीत स्त्रिया घोड्यावर मांड टाकून बसल्या, तेव्हा दोन्ही बाजूंस पाय टाकून बसण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सलवार त्याहून सोयीची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागे बसणाऱ्यासाठी पकडण्याची मूठ, पायदान आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निम्म्या चाकावर आच्छादन असावे, असे बंधन घातले आहे. शोभा बिघडते म्हणून हे आच्छादन काढून टाकणाऱ्या मालकांस काय म्हणावे? चार वर्षांखालील बालकास सोबत नेताना सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. इतक्या लहान मुलास लांबच्या पल्ल्यावर दुचाकीने न्यावेच का, हा प्रश्न नियमांच्याही आधीचा आहे.

उत्तम खोगीरही न उतरता बसण्यासाठी नसते. अमेरिकेत २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६१० किलोमीटर, कापणाऱ्यांस प्रशस्तिपत्र देणारी एक संस्था आहे; त्या प्रवासाचे नावच ‘खोगिराचे व्रण’ या अर्थाचे आहे. आपण तासातासाने पाच-दहा मिनिटे उतरावे, चालावे, पाणी प्यावे. खराब रस्त्यावर पायदानांवर किंचित उभे राहून गुडघ्यांनी धक्का झेलावा. जांघेत बधिरपणा आला, की लगेच थांबावे. बहुधा तो थोड्या वेळात जातो. तो गेला नाही, अथवा त्याबरोबर लघवी होण्यास वा रोखण्यास अडचण वाटू लागली, पायांतील शक्ती कमी झाली, तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खोगिराला टेकणाऱ्या भागाचा असा बधिरपणा हे कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंवर दाब पडल्याचे लक्षण असू शकते आणि तेथे काही तासांचा विलंबही कायमचे पंगुत्व देऊ शकतो.

शेवटी हवेच्या गादीविषयी. दिवसभर चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या रुग्णांसाठी परस्परांस जोडलेल्या हवेच्या छोट्या कप्प्यांची गादी निघाली. एका कप्प्यावर भार आला, की हवा शेजारच्यात सरकते आणि दाब समान वाटला जातो. हीच युक्ती मोटारसायकलसाठीही आली असून लांबच्या प्रवासास ती खरोखर गुणकारी आहे. भरण्याचे तंत्र मात्र विक्रेते सांगत नाहीत. गादी फुगवून वर बसावे आणि तळापासून सुमारे बोटभर वर तरंगत राहू, इतकी हवा सोडून द्यावी. टम्म फुगलेली गादी चेंडूसारखी उसळते.

आणि आपण मनालीहून लेहकडे निघाला असाल, तर एवढ्याने भागत नाही. मनाली सुमारे २०५० मीटर उंचीवर आहे. २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ टळतो, पण पुढे बारालाचा खिंड ४८०० मीटरांच्या वर आहे आणि तांगलांग खिंड ५३०० मीटरांच्या वर. तेथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. मनालीत नीट भरलेली गादी खिंडीत दगडासारखी ताठ होते आणि स्वारास वाटते, गाडीतच बिघाड झाला. बारालाचा चढताना वाटेत एकदा, आणि गाटाची एकवीस वळणे संपवून वर आल्यावर पुन्हा एकदा, झडप उघडून थोडी हवा सोडावी. लेहच्या बाजूस खाली उतरलात, की गादी लुळी पडलेली आढळेल. तेव्हा फुंकर मारून ती भरावी लागते, आणि त्या विरळ हवेत हे काम विश्रांती घेऊन, सावकाश करावे.