मोत्याचें पोट

गेल्या पावसाळ्यांत नांदुऱ्यास आमच्या शेजारच्यांचा मोत्या गल्लींतील कुत्र्यांच्या तावडींत सांपडला. अंगावर दातांच्या दोनच खुणा होत्या. परंतु पोटाच्या एका बाजूस लिंबाएवढा मऊ फुगवटा दिसूं लागला. “सूज आहे, हळद लावा, उतरेल,” असें आम्हीच म्हणालों.

पशुवैद्यांनीं बोटें ठेवतांच सांगितलें कीं, ही सूज नव्हे, हा अंतर्गळ आहे. कुत्रा चावून हिसडा देतो, तेव्हां सैल कातडी दांताबरोबर सरकते व वरचें छिद्र लहानच राहतें. आंतील स्नायु मात्र फाटतात. त्या वाटेनें आंतडें कातडीखालीं उतरतें. तेथें तें आवळलें गेलें कीं त्याचा रक्तपुरवठा तुटतो व तें सडूं लागतें. यास लेप चालत नाहीं. शस्त्रक्रियाच हवी आणि तीहि त्वरित.

शेजाऱ्यांनीं आम्हांस विचारलें, “मास्तर, काय करावें?” महाप्रस्थानिक पर्वांतील धर्मराज व त्याचा कुत्रा यांची कथा आम्ही जन्मभर वर्गांत सांगितली, तरी त्या क्षणीं आमच्या मनांत प्रथम आला तो खर्चाचा आंकडा! त्यांचा धाकटा मुलगा मात्र आधींच मोत्यास चादरींत गुंडाळून दाराशीं उभा होता. आम्ही निमूटपणें मोटारींत बसलों.

अकोल्यास त्याच रात्रीं भूल देऊन पोट उघडलें, आंतडें तपासून जागीं बसविलें व फाटलेले थर शिवले. सुश्रुतानेंहि सद्योव्रणाच्या चिकित्सेंत बाहेर आलेलें आंतडें दुधानें धुवून, तूप लावून आंत घालण्यास सांगितलें आहे. घरीं मात्र कोणीं तसा प्रयोग करूं नये.

वाचकांनीं इतकें ध्यानांत ठेवावें. फुगवटा दाबून आंत ढकलूं नये. खाणेंपिणें बंद ठेवावें. आंतडें उघडें पडल्यास स्वच्छ ओलें फडकें झांकावें. जखमी कुत्रा धन्यासहि चावतो, म्हणून जपून उचलावें. पूर्वीं रेबीजची लस दिली असली तरी ती पुन्हां टोंचण्याविषयीं वैद्यांस विचारावें. माणसास दांत लागल्यास जखम पंधरा मिनिटें साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. पाश्चरची रेबीजची लस १८८५ सालीं माणसास प्रथम टोंचली गेली. परंतु रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाहीं.

मोत्या आज आमच्या ओट्यावर निजतो. धर्मराजाची कथा आम्ही अजून सांगतों. फक्त आतां ती त्या मुलासमोर सांगतांना आमचा आवाज थोडा खालीं येतो.