चिकणमातीवर गादीवाफा
पाचूबंदरसारख्या खाडीकाठच्या वस्तीत अंगणातली माती चिकट असेल, तर ती खणून बदलण्यापेक्षा तिच्यावर फूटभर उंच गादीवाफा करणेच योग्य. चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. पावसाळ्यात पाणी हलत नाही, मुळांचा श्वास कोंडतो. खड्ड्यात चांगली माती भरली तर त्याचेच डबके होते. वाळू मिसळून भागेल, असे अनेकांना वाटते. पण थोड्या वाळूने ही माती आणखीच घट्ट बसते. कुजलेले शेणखत मात्र कण एकत्र बांधून पोकळ्या राखते. तळही आधी टिकावाने सैल करावा, नाहीतर पाणी तिथेच अडेल. गादीवाफा उन्हाळ्यात लवकर सुकतो, हा आक्षेप खराच. त्यासाठी पेंढ्याचे जाड आच्छादन हवे. खाऱ्या जमिनीत ते बाष्पीभवन रोखून मीठ वर चढणेही कमी करते.