१ ऑगस्टचा तो कार्यक्रम

१ ऑगस्ट म्हटलं की आपल्याला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती आठवते. रॉक संगीतातही ही तारीख मोठी आहे. रॉक म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवरचं, पोरं मोठ्यानं लावतात ते. १९८१ साली याच तारखेला अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनल सुरू झालं. त्यावर लागलेल्या पहिल्याच गाण्याचं नाव होतं, व्हिडिओनं रेडिओच्या कलाकाराला मारलं! आम्ही मात्र तुमच्याशी रेडिओवरूनच बोलतोय. असो.

आम्हाला सांगायचंय ते त्याआधी दहा वर्षांचं, १ ऑगस्ट १९७१ चं. तेव्हा बांगलादेश स्वतंत्र व्हायचा होता. आधीच्या नोव्हेंबरात तिथं भयंकर चक्रीवादळ येऊन गेलं, मार्चपासून पाकिस्तानी लष्कराचे अत्याचार सुरू झाले. लाखो माणसं अंगावरच्या कपड्यानिशी आपल्या देशात आली. सतारवादक पंडित रविशंकर मूळचे बंगाली घराण्यातले. त्यांना राहवेना. कार्यक्रम करून पंचवीसेक हजार डॉलर पाठवावेत, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला सांगितलं. हॅरिसन त्यांच्याकडे सतार शिकलेला. त्यानं पाचसहा आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी मोठी नावं गोळा केली. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन खेळ झाले, मिळून चाळीस हजार माणसं आली.

सुरुवात आपल्या संगीतानं झाली. रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अल्लारखाँचा तबला आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून झाली तर लोकांना वाटलं गाणंच संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या! रविशंकर हसून म्हणाले, जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल.

तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. पुढं रेकॉर्ड आणि सिनेमाही निघाला, त्याचे पैसे कितीतरी जास्त. पण ते अडकले. कार्यक्रम ठरला तेव्हाच तो मदतीसाठी आहे अशी नोंद करून करमाफी घ्यायला हवी होती. घाईत ते राहून गेलं. अमेरिकेच्या आयकर खात्यानं हात घातला आणि बरीचशी रक्कम कित्येक वर्षं पडून राहिली. तोवर युद्ध संपलं, निर्वासित परतले.

हे वाचून आम्हाला आमचाच गट आठवला. पुराच्या वर्षी आम्ही भाकरी-पिठल्याचा स्टॉल लावला. विक्री झकास झाली. पण ठराव लिहिला नव्हता, पावतीपुस्तक नव्हतं. पैसे एका ताईंच्या डब्यात. कुणाला द्यायचे, किती द्यायचे यात दोन महिने गेले. ताईंनी पैचाही घोळ केला नव्हता, तरी बायका त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागल्या. त्या बैठकीला यायच्या थांबल्या. त्यांना परत आणायला आम्हाला सहा महिने लागले. आता स्टॉलआधी ठराव होतो, डबा दोघींच्या सहीनं उघडतो.

हॅरिसनच्या त्या रेकॉर्डची विक्री अजून चालू आहे, आणि पैसे युनिसेफमधल्या त्याच्या नावाच्या निधीत जातात. मोबाइलवर कुणाला मिळालं तर रविशंकरांची ‘बांगला धून’ जरूर ऐका. आधीचं ते तारा जुळवणंही.