सत्तेची वाटणी (लेखांक पाचवा) : बाळहिरडा आणि डिंभ्याचे पाणी

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कशा उभ्या राहिल्या, हे मागील लेखांकात आपण पाहिले. कायद्याने दिलेला अधिकार गावाच्या पदरात कितपत पडतो, हे आता पाहावयाचे असून त्यासाठी घोडेगावासारखे ठिकाण शोधून सापडावयाचे नाही.

ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला मिळाले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; तालुक्याची कचेरी मात्र घोडेगावात आहे. तहसीलदाराचा कागद येथून मंचरला प्रांताकडे आणि पुढे पुण्यास जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. याच गावातील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा कागद ठाण्यास अपर आयुक्तांकडे व तेथून नाशिकच्या आयुक्तालयाकडे जातो. पश्चिमेकडील डोंगरातल्या माणसाचे गाऱ्हाणे एकच असले, तरी त्याला दोन वाटांनी फिरावे लागते.

तेथील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात, आणि वर्षाच्या रोकड खर्चाचा मोठा भाग त्यावरच भागतो. अशा गौण वनोपजाची मालकी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेकडे असावी, असे 1996 च्या पेसा कायद्याने सांगितले. परंतु त्याचे नियम करावयास महाराष्ट्र शासनाला 2014 साल उजाडले. पुढे 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने हिरड्याची झाडे झोडपली, तेव्हा कोणते झाड कोणाच्या वहिवाटीचे हे गावात सर्वांना ठाऊक होते. पण भरपाईचे निकष वरून ठरलेले, आणि त्यांत हिरडा बसेना. जे ज्ञान खाली होते त्याला वर दाद मिळावी म्हणून लोकांना आंदोलने करावी लागली.

एवढ्यावरून सर्व सत्ता गावाच्या हवाली करावी असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. डिंभे हे कुकडी प्रकल्पातील एक धरण. या प्रकल्पाच्या पाण्यावर पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि करमाळ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांची भिस्त आहे. धरणाकाठच्या गावांनीच वाटप करावयाचे ठरले तर शेपटाकडील शेताने कोणाच्या दारात जावे? शिवाय गाव म्हणजे समानांचा मेळावा, हा भ्रम डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत परखडपणे खोडून काढला होता. ग्रामपंचायतीत स्त्रियांना जागा मिळाल्या त्याही गावाच्या औदार्याने नव्हे, तर 73 व्या घटनादुरुस्तीच्या सक्तीने.

तेव्हा जे गावाच्या शिवेत सुरू होऊन तेथेच संपते ते गावाने ठरवावे. ज्याचा परिणाम शिवेबाहेर जातो ते वरच्याने ठरवावे, आणि दोघांनीही एकमेकांचा हिशेब तपासावा. ही तपासणी आपल्याला परकी नाही. पेशवाईत मामलतदाराने पाठविलेला हिशेब देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहिल्यावाचून हुजूर दफ्तरात सहसा मान्य होत नसे. ती व्यवस्था वतनदारांची होती. आज तो हक्क ग्रामसभेचा असावयास हवा.

तथापि वरच्याची तपासणी करण्यास खालची संस्था जिवंत तर हवी. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर तिचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. अधिकार दिले, पण ते बजावणारी सभाच निवडली नाही, तर त्या अधिकारांचे काय होते, याचा विचार पुढील लेखांकात करू.